एकाने उणे

एर्मिलो कास्तान्येदा कॅलेंडरं छापतो.
मेक्सिको सिटीत, ओब्रेरा वस्तीत,
टायरच्या दुकानाला लागून त्याचा छापखाना:
एक यंत्र, दोन रॅक, एक मांजर.
वर्ष सरताना खाटीक, औषधवाले, मक्याच्या भाकऱ्या विकणारे
गिऱ्हाइकांना वाटतात ती कॅलेंडरं.
वर संताचं चित्र, खाली दुकानाचा फोन.

आपल्याकडे एकोणीस म्हणजे एकाने उणे वीस.
त्याच्या भाषेत दहा आणि नऊ.
मोजताना तिथे कुणी कमी पडत नाही.

पण सप्टेंबरात पडतं.

पंच्याऐंशी साली तो नऊ वर्षांचा.
गुरुवार. आई, ओतिलिया, कॉलर शिवायच्या कारखान्यात
तिसऱ्या मजल्यावर, सातची पाळी.
सात वाजून एकोणीस मिनिटांनी
त्याच्या एकाच पायात बूट होता
आणि घेवड्याचं पातेलं शेगडीवरून
आपलं आपण चालत निघालं.
आई पाचव्या दिवशी सापडली.
बोटात अंगुस्तान तसंच.

बत्तीस वर्षांनी, तीच तारीख.
अकरा वाजता सराव: भोंगा वाजला,
लोक जिने उतरले, उन्हात उभे राहिले,
कुणी आइस्क्रीम घेतलं, परत वर गेले.
दोन तासांनी जमीन हलली
आणि भोंगा तिच्या मागून धापा टाकत आला.
एर्मिलो रात्रभर रांगेत, हातोहात बादल्या देत.
कुणी मूठ वर केली की सगळे गप्प,
क्रेनसुद्धा.
त्या शांततेत ढिगाऱ्याखाली एक फोन
नाचाची धून वाजवत राहिला.

मग आणखी पाच वर्षांनी, पुन्हा.
पुन्हा सराव, पुन्हा जिने,
आणि पाऊण तासात पुन्हा.
या वेळी लोक रडता रडता हसले.
शेजारच्या पोपटाने भोंगा पाठ केला;
आता तो कधीही वाजतो,
आणि गल्ली अर्धवट दाढीनिशी रस्त्यावर येते.

टीव्हीवर एक भूकंपशास्त्रज्ञ बाई म्हणाल्या,
जमिनीला कॅलेंडर ठाऊक नसतं.
एर्मिलोने मान डोलावली. खरंच असेल.
पण त्याला ठाऊक होतं ना,
तोच तर छापत होता.
एकदा ठीक, दुसऱ्यांदा योगायोग म्हणू,
पण अशाने तारीख सोकावते.

त्या ऑक्टोबरात पुढच्या वर्षाचा सप्टेंबर जुळवताना
त्याने सोमवारी अठरा ठेवले, बुधवारी वीस,
आणि मधला मंगळवार कोरा सोडला.
खोडसाळपणा नव्हता.
कुत्र्याला दार उघडू नये, तेवढंच.
पाचशे प्रती खाटकाकडे गेल्या.

जानेवारीत एक म्हातारी आली, दोन्या रेफुखियो,
कॅलेंडर गुंडाळून काखेत.
"माझी नात त्या दिवशीची.
सतराची. दवाखाना रिकामा केला होता,
फुटपाथवर झाली, सलाईन झाडाला टांगून.
त्या दिवसाचा संत हेनारो, म्हणून हेनारा.
आता सांगा,
तिचा केक मी कुठल्या चौकटीत मांडू?"

त्याच्याकडे उत्तर नव्हतं.
मांजर कॅलेंडरवर येऊन बसलं, त्याला उचललं.
कानावरचं पेन काढून त्याने
एक काढला, मग नऊ.
नऊ जरा वाकडा आला, शेपूट चौकटीबाहेर.
"चालेल," म्हातारी म्हणाली,
"पोरगीही तशीच आहे."

ती गेल्यावर त्याने स्वतःच्या भिंतीवरचं पान उलगडलं,
पेन टेकवलं,
आणि तसाच उभा राहिला, बराच वेळ.
शेवटी यंत्राला तेल घालायला गेला.

बाकीच्या प्रती वर्षभर लटकल्या
शहराच्या स्वयंपाकघरांत, कोऱ्या चौकटीसकट.
तक्रार एकही नाही.
खाटकाने म्हणे त्या जागेत
कुणाची तरी उधारी लिहून ठेवली होती.